नेहाचे पाय

नवघरच्या निशिगंधाचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, कडक. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत स्वयंपाक, धुणं, इस्त्री, सगळं आटपलेलं. शनिवारी गॅस पेटवायचा नाही, मोबाइलवर फक्त बायबल. शनिवार पाळणाऱ्या ख्रिस्ती अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीतल्या तरुण मुलांची ती पुढारी. बाकीच्या आया आपल्या मुलींना तिचंच उदाहरण देत. तिच्या आईला, राजश्रीला, हल्ली ते ऐकून अवघडल्यासारखं होई.

कारण नेहा. निशिगंधाची लहानपणापासूनची मैत्रीण. नर्सिंगची प्रवेश परीक्षा शनिवारी आली, तिने दिली. निशिगंधाने ते चर्चच्या पाळकांच्या कानावर घातलं आणि नेहाचं नाव गायनमंडळातून गेलं. मग नेहा यायचीच बंद झाली.

आज चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. त्याआधी एकमेकांचे पाय धुवायचे, कुणाशी बिनसलं असेल तर मिटवायचं, अशी रीत. मुली मात्र घरूनच पाय घासूनपुसून आलेल्या. निशिगंधा तर परवा पार्लरला जाऊन आली होती.

"धुवायला काही ठेवलंयस का?" राजश्रीने वाटेत विचारलं होतं.

"आई, चारचौघांत बरं दिसायला नको?"

बायकांच्या खोलीत जोड्या लागत होत्या, तेवढ्यात दारात नेहा दिसली. मोरव्याहून चालत आलेली, पाय धुळीने भरलेले.

"आलीस गं!" राजश्री म्हणाली.

"शेवटचंच, मावशी. आजीला शब्द दिला होता म्हणून."

ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली. तिच्यासमोर कुणीच जाईना. निशिगंधा दुसऱ्या मुलीसाठी टबात पाणी ओतत होती. ती थांबली. टब उचलून कोपऱ्यात गेली आणि नेहापुढे गुडघ्यांवर बसली.

"काय गं, पाळकांना सांगायला अजून काही पाहिजे?" नेहाने विचारलं.

निशिगंधाचे कान लाल झाले.

"तुझ्याशी न बोलता तिकडे गेले. चुकले मी. सगळ्यांसमोर सांगतेय. परीक्षेचं मला अजून पटलेलं नाही. पण तू गेलेलं त्याहून पटत नाही."

नेहाने चपला काढल्या. निशिगंधाने भेगांतली माती अंगठ्याने हळूहळू काढली, पाय मांडीवर घेऊन पुसले. पाणी तांबडं झालं.

मग नेहा खाली बसली. निशिगंधाचे पाय हातात घेऊन म्हणाली, "शी! ह्याला काय धुऊ? पार्लरवालीने केलंय सगळं."

दोघी हसता हसता रडल्या.

"पुढच्या शनिवारी?"

"येते. तुझा सूर कोण सांभाळणार?"

टब रिकामे करायला एक बाई आली. राजश्री पटकन उठली. "हा राहू दे, मी नेते."

तांबड्या पाण्याचा टब दोन्ही हातांत धरून ती सगळ्या आयांच्या समोरून, अजिबात घाई न करता, मोरीकडे गेली.