कडबा खाणाऱ्या म्हशींचं दूध

शिकवायची खोड माणसाला रिटायर होऊ देत नाही. बाळापूरच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, मग अकोल्यात घर बांधलं, तरी जीभ गप्प बसेना. टीव्हीवर दूरच्या कुठल्याशा अणुभट्टीत स्फोट झाल्याची बातमी चालली होती. देवळाच्या ओट्यावर कोणीतरी विचारलं, आणि मी सुरू. किरणोत्सारी धूळ ढगातून येते, पावसाबरोबर गवतावर बसते, गवत जनावर खातं, त्यातलं आयोडीन दुधात उतरतं आणि लेकरांच्या गळ्यातल्या ग्रंथीत जाऊन बसतं. ते इथवर येत नाही, हेही सांगितलं. पण तोवर निम्मे लोक उठून गेले होते.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या गवळ्याचे रतीब धडाधड बंद. गल्लीच्या टोकाला त्याच्या चार म्हशी, त्यांच्यावरच घर चालायचं. मला लोकांचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. गवळ्यानं मात्र माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं होतं. गिऱ्हाइकं परत यावीत म्हणून त्यानं हिरवा चारा बंद करून म्हशींना मागच्या सालचा कडबा घातला, वर गोठ्यावर ताडपत्री ठोकली. खरंच तसं संकट आलं तर हेच तर करायचं असतं! अख्ख्या कॉलनीत माझा धडा समजला तो या एकट्याला. आणि लोक म्हणाले, ताडपत्री ठोकली म्हणजे नक्कीच काहीतरी आहे.

मग मी हट्टाला पेटलो. ओट्यावर उभा राहून, सगळ्यांदेखत, त्याच म्हशींचं तांब्याभर दूध घटाघटा प्यालो. मला लहानपणापासून दूध पचत नाही. बायको तेच सांगत होती, पण रागात कोण ऐकतो? घर गाठायचाही धीर निघेना, तसाच पुजाऱ्याच्या संडासात घुसलो. बाहेर ही गर्दी. एकानं दारापाशी येऊन गळा सुजला का म्हणून चौकशी केली. उरलेले दोन रतीबही त्याच दुपारी गेले.

संध्याकाळी गवळी आला. रतिबाबद्दल चकार शब्द काढला नाही.

"सर, खरं सांगा. माह्या पोरीले हे दूध पाजू का नोको?"

"पाज ना बाप्पा. काहीच होत नाई," मी म्हणालो.

तो बरं म्हणून गेला.

सकाळी किराणा दुकानात तो माझ्यापुढंच उभा होता. पोरीसाठी पिशवीचं दूध मागत होता. त्या पिशवीतल्या दुधाची म्हैस कुठलं गवत खाते, हे त्यानं विचारलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी तोंड उघडलं नाही.