डोंगरापलीकडचं स्थळ

भांडुपला आम्ही आणि बोरीवलीला ते, मध्ये जंगलाचा अख्खा डोंगर. ऐंशीच्या दशकात त्या डोंगरापलीकडून मला एक स्थळ आलं. मुलाचा निरोप असा, की पोहे आणि प्रश्न वगैरे नकोत. तो दर रविवारी बोरीवलीच्या जंगलात लोकांना पक्षी दाखवायला नेतो, मुलीनंही यावं. निसर्गात माणूस खरा दिसतो म्हणे.

बाबा खूश झाले, "वेगळा मुलगा आहे!" आई मात्र माझ्याकडेच बघत होती. तिला माझा चष्मा दिसत होता.

तो होताच तसा. सोडावॉटरच्या बाटल्यांची बुडं कापून बसवावीत तशा काचा. त्यापायी दोन ठिकाणांहून नकार आला होता आणि मी सव्वीस ओलांडलं होतं. तिसरा नकार आला की चाळीतल्या बायका माझं वय विचारायचं सोडून देतील, अशी आईला धास्ती होती. जंगलाच्या फाटकाशी तिनं हात पुढे केला.

"तो चष्मो हय दी."

"आई, पक्षी बघायला चाललोय आपण!"

"पक्षी बघूक नाय, तुका दाखवूक चाललो. काय दिसलां तर 'छान' म्हणायचां."

चष्मा तिच्या पर्समध्ये गेला आणि माझ्यासाठी जंगल म्हणजे हिरवी पातळ भाजी झाली.

मुलगा खाकी कपड्यांत होता, डोक्यावर खाकी टोपी. मला तो एक उंच, खाकी, हुकूम सोडणारा डाग दिसला. मी आईच्या हौसेपायी नेसलेली राणी रंगाची साडी आणि माळलेला मोगरा बघून डाग म्हणाला, "या साडीला बघून पक्षी ठाण्याला पळतील." बरोबरचे दहा-बारा लोक हसले. सगळ्यात मोठ्यांदा हसली त्याची आत्या. नऊवारीवर कॅनव्हासचे बूट चढवून ती मला जवळून बघायला आली होती.

वाट कान्हेरीकडे चढत होती. पहिल्या वळणावर डागानं हात वर केला. सगळे स्तब्ध.

"तो बघा, फांदीच्या टोकाला. दिसला?"

आईनं मला कोपरानं ढोसलं. मी म्हटलं, "अय्या, किती गोड!"

"वाळलेलं पान आहे ते," तो म्हणाला.

चुकलं असेल, असं समजून एखादा भला माणूस पुढे गेला असता. याला मात्र खेळ सापडला. पुढच्या झाडाखाली त्यानं खास मलाच जवळ बोलावलं. आवाजात साखर.

"आणि हा? याची चोच कोणत्या रंगाची आहे, सांगा बरं."

"लाल," मी अंदाजानं फेकलं.

"माकडाला चोच नसते हो!"

लोक पोट धरून हसले. आईचा हात पर्सवर घट्ट झाला, पण पर्स काही उघडली नाही. मग त्यानं मला विजेच्या तारेवरचा फाटका पतंग दाखवला. तोही मला गोडच वाटला. शेवटी तो आत्याकडे वळला आणि मला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "आत्या, मुलगी ठार आंधळी आहे गं. आपल्या गळ्यात बांधताहेत."

"मग आता?"

"आता स्वर्गीय नर्तक बघू. त्यासाठी आलेत लोक."

स्वर्गीय नर्तक म्हणजे त्या जंगलातला मानाचा पाहुणा. नराला पांढरीशुभ्र, हातभर लांब शेपटी असते, उडताना रेशमाच्या फितीसारखी लहरते. ओढ्याशी तो येतो, मी आधी जाऊन कानोसा घेतो, असं सांगून मुलगा एकटा पुढे निघाला. जाताना गळ्यातली दुर्बीण त्यानं माझ्या हातात टाकली. "घ्या. यातून तरी झाड आणि माणूस वेगळं ओळखा."

दुर्बिणीला मध्ये एक चाक असतं. मी ते फिरवत राहिले, आणि काय सांगू, हिरव्या भाजीची पानं सुटी झाली! पानांवरच्या शिरा दिसल्या, मुंग्या दिसल्या. माझ्या चष्म्यालाही जमलं नव्हतं इतकं स्वच्छ. मी दुर्बीण ओढ्याकडे वळवली.

दगडावर मुलगा बसला होता. आपण कुणाला दिसत नाही, या भरवशावर घाम पुसायला त्यानं टोपी काढली. वर गुळगुळीत तुळतुळीत टक्कल, आणि डाव्या कानामागे वाढवलेली केसांची एकच लांबलचक बट. टोपीखाली ती आडवी लपेटलेली असणार. घामानं सुटून ती खांद्यावर लोंबत होती आणि ओढ्याच्या वाऱ्यावर लहरत होती.

"दिसला!" मी ओरडले. "स्वर्गीय नर्तक! ओढ्याकाठी, दगडावर! नर आहे, काय लांब शेपटी!"

एका झटक्यात सगळ्या दुर्बिणी तिकडे वळल्या.  मग मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि सगळी रांगच फुटली. आत्यानं माझ्या हातातली दुर्बीण हिसकावली, बघितलं आणि जंगल दणाणेल अशी बोंब ठोकली, "मेल्या, टोपी घाल!"

घालण्याच्या घाईत टोपी ओढ्यात पडली. ती धरायला तो वाकला, आणि शेपटी पाण्यात बुडाली. इतका सुंदर पक्षी मी आजवर पाहिलेला नाही.

परतीच्या वाटेवर तो सगळ्यांच्या पुढे होता, ओली टोपी कानापर्यंत ओढून. फाटकाशी आईनं चष्मा काढून माझ्या हातावर आपटला.

"झालां समाधान? दिसलां तरी गप ऱ्हवाचां, गो. तुझ्या बापाशीक काय मी लग्नाआधी बघूक नाय? पण गप ऱ्हवलंय!"

नकार दोन दिवसांत आला. मुलीची वागणूक बरी नाही, असं कारण होतं. दृष्टीबद्दल अवाक्षर नव्हतं.

पुढचं स्थळ घरीच आलं. चष्मा घालूनच मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले. मुलगा लाजून मान खाली घालून बसला होता.

"जरा वर बघा," मी म्हटलं, "नीट दिसत नाही."