वल्लरीने खोडलेला निरोप

वल्लरी सरंजामे पहिल्यांदा सगळ्यांच्या लक्षात आली ती तिच्या फजितीमुळे. नऊ वर्षं ती परदेशातल्या बिशान भागातल्या रविवारच्या मराठी वर्गाला येत होती, खुर्च्या मांडत होती, मुलांची हजेरी घेत होती. पण चारचौघांनी तिच्याकडे वळून पाहिलं ते त्या दिवशी, आणि तेही हसायला.

कुणाच्या तरी ऑफिसने बारा जुने लॅपटॉप वर्गाला दिले होते. त्यांत काहीच नव्हतं, म्हणून लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम घालायचं ठरलं. वर्ग चालवणाऱ्या सुलभाताईंनी सांगून टाकलं, "जो हे सुरू करेल, त्याने मुलांचा संगणकाचा वर्ग घ्यायचा." वल्लरीला तो वर्ग हवा होता. पुण्यात ती प्रयोगशाळेत काम करायची. इथे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या राहण्याच्या पासवर आल्यापासून तिच्या हाताला तिचं म्हणावं असं काम नव्हतं.

तिने लिनक्सचा पेनड्राइव्ह करून आणला आणि लावला. लॅपटॉप ढिम्म. वर्गाला मदतीला येणारा विक्रांत एका बँकेत मोठ्या सर्व्हरांचं बघायचा. त्याने तो पेनड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लावला आणि पडद्यावर सगळ्यांना दाखवला.

"अहो वल्लरीताई, फाइल नुसती कॉपी केलीत? हे म्हणजे कुकरचं चित्र गॅसवर ठेवून शिट्टीची वाट बघण्यासारखं झालं!"

पालक खो खो हसले. संध्याकाळी त्या पडद्याचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर आला, खाली कुकरचं चित्र.

जाताना वल्लरी एक लॅपटॉप पिशवीत घालून बुकित पंजांगला घरी घेऊन गेली.

तिचा नवरा मंदार जहाजावर इंजिनीअर. त्याचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "विक्रांतचं तोंड उतरलेलं मला बघायचंय. सगळ्यांसमोर."

"आधी मशीन तर चालू कर," मंदार हसला. "इंजिनरूममध्ये आम्ही करतो तसं कर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच लिहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्यास की गेलीस."

तिने वही केली. फाइल कॉपी न करता खास प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवली: चालू नाही. दुसऱ्या बाजूचं पोर्ट: फरक नाही. डाउनलोड तपासलं, तर फाइल अर्धवट उतरलेली. पुन्हा उतरवली: तरीही नाही. अकराव्या नोंदीला कळलं, की तिने पेनड्राइव्ह नव्या मशीनच्या पद्धतीने बनवला होता आणि इतक्या जुन्या लॅपटॉपला तो दिसतच नाही. प्रोग्रॅममधला तो एक पर्याय बदलून जुनी पद्धत निवडली आणि पडदा उजळला. तिने तसे तीन पेनड्राइव्ह करून ठेवले.

गुरुवारी विक्रांतने ग्रुपवर व्हिडिओ टाकला. "पेनड्राइव्ह रेडी! रविवारी अकराला या, बाराही लॅपटॉप सुरू करून दाखवतो." व्हिडिओत चालत होता तो त्याचा स्वतःचा नवाकोरा लॅपटॉप. आणि पेनड्राइव्ह बनवताना निवडलेला पर्याय स्पष्ट दिसत होता. नव्या पद्धतीचा.

वल्लरीने लिहायला घेतलं, 'विक्रांत, जुन्या मशीनवर हा चालणार नाही'. मग एकेक अक्षर खोडलं आणि खाली टाळ्या वाजवणारे हात पाठवले.

रविवारी खोली भरली. वल्लरीने घरी नेलेला लॅपटॉप परत आणून बाकीच्यांत ठेवला आणि ती तिसऱ्या रांगेत बसली, जिथून त्याचा चेहरा नीट दिसत होता. पहिला लॅपटॉप चालला नाही. दुसरा नाही. पाचव्याला त्याने कपाळ पुसलं. आठव्याला कुणीतरी म्हणालं, "काय रे, शिट्टी होईना का?" हसू पिकलं. वल्लरी हसली नाही. ती बघत राहिली.

"हार्डवेअरच गेलंय," विक्रांत म्हणाला. "भंगार आहे सगळं."

सुलभाताईंनी कारंग गुनीला, म्हणजे इथल्या भंगारवाल्याला, बोलवायला फोन उचलला. तेव्हा वल्लरी उठली.

"विक्रांत, हा पेनड्राइव्ह तू कशावर तपासलास?"

"माझ्या लॅपटॉपवर."

"आणि या बारांपैकी एकावरही नाही?"

तिने आपले तीन पेनड्राइव्ह टेबलावर ठेवले. "हा लाव. नाही, तूच लाव. आता चालू कर आणि एफ बाराचं बटण दाब. पटापट, लोगो यायच्या आत. चुकलं. पुन्हा."

दुसऱ्यांदा पडदा उजळला. टाळ्या पडल्या. तिथे ती थांबू शकली असती. पण बारावा लॅपटॉप होईपर्यंत तिने त्याला खुर्चीवरून उठू दिलं नाही. स्वतः मागे उभी राहून सांगत गेली. शेवटी तो हळूच म्हणाला, "तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"गुरुवारपासून."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

त्याची मान खाली गेली. नंतर थोडं वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. परतीच्या एमआरटी मेट्रोत तिने मन चाचपून पाहिलं. नव्हतं वाटत. रात्री मंदारला तिने सगळं दोनदा सांगितलं, आठव्या लॅपटॉपचं तीनदा.

विक्रांत त्यानंतर ग्रुपवर आहे, पण वर्गाला येत नाही. वल्लरी दर रविवारी दहा ते बारा संगणकाचा वर्ग घेते. सध्या तिच्याकडे एकोणीस मुलं आहेत.