अजून एक थंडी बघू

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होतो. खिशात फोन थरथरला, नाव बघितलं, वहिनी. शाळेच्या वेळेत वहिनी कधी फोन करत नाही, कारण दादाची तशी ताकीदच होती. मास्तर शिकवत असतो, त्याला मध्ये त्रास द्यायचा नाय. म्हणून फोन कानाला लावायच्या आधीच मला कळलं होतं, फक्त कोणाचं ते कळायचं होतं. "भावजी, या तुम्ही... ह्ये नाय राहिले." सकाळी जेट्टीवर जायला निघाला, चप्पल घालायला उंबऱ्यात बसला, तो उठलाच नाही.

रोह्याहून नागोठण्यावरून पेण, तिथून रिक्षाने गाव, या रस्त्याने मी गेल्या बारा वर्षांत इतक्यांदा गेलोय की खड्डेसुद्धा तोंडपाठ आहेत. त्या दिवशी मात्र काहीच आठवत नाही. आठवतं ते अंगण. माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती, ओसरीवर दाटी, कुंपणाला टेकून लोक उभे. पण परसातल्या झाडाभोवतीच्या कट्ट्यावर कोणीही बसलं नव्हतं. तिथे कोणी बसलं की दादा ओरडायचा, "मुळावर बसतोस काय रं?" तो आत पांढऱ्या चादरीखाली होता आणि गाव अजून त्याचं ऐकत होतं.

ते झाड नेक्टरीनचं आहे. ते मी आणलेलं.

आमचं गाव धरमतरच्या बाजूला, खाडीला लागून. वडील मिठागरावर होते, दादा सातवीतून निघून त्यांच्याबरोबर चिखल तुडवायला लागला. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी आजही ताठ मानेने सांगतो. माझा बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा दादा पायाचा चिखल न धुता गावभर सांगत फिरला होता. मला मास्तर म्हणायला त्याने तेव्हापासूनच सुरुवात केली, नोकरी नंतर लागली. पुढे मिठागर बंद पडलं आणि तो जेट्टीवर बार्जचा माल उतरवायला जाऊ लागला. मी रोह्याच्या शाळेत लागलो, लग्न झालं, फ्लॅट घेतला. मग घरी जाणं गणपती आणि शिमगा एवढ्यावर आलं. भांडण नव्हतं. जात नव्हतो, एवढंच.

बारा वर्षांपूर्वी विज्ञान शिक्षकांच्या एका प्रशिक्षणासाठी हिमाचलला गेलो होतो. तिथे नेक्टरीन पहिल्यांदा खाल्लं. पीचसारखंच फळ, फक्त सालीवर लव नाही, सफरचंदासारखी गुळगुळीत. येताना दोन फळं आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं एक कलम घेऊन आलो. दादाने एक फळ कोयत्याने मधोमध कापलं, अर्धं वहिनीला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं आणि बोटं चाटली. मग म्हणाला, "आंबा नाय, बोर नाय... पण हाय काहीतरी. हितं येईल काय रं?"

"का नाय येणार? चांगली माती नि पाणी मिळालं की झालं. तिसऱ्या वर्षी फळ खाशील."

मी रसायनशास्त्राचा पदवीधर. झाडातलं मला काय कळतं, हे मला विचारणारं त्या घरात कोणी नव्हतं. आणि मलाही स्वतःला विचारावंसं वाटलं नाही.

आमच्या परसातली माती खारी. दादाने कोलाडच्या बाजूची तांबडी माती टेम्पोने गोण्या भरून आणली, फरशी लावून उंच कट्टा केला आणि त्यात कलम लावलं. भरतीचं पाणी कधी कुंपणापर्यंत येतं म्हणून भोवती मातीचा बांध घातला, मिठागरावर घालतात तसा, पायाने चोपून. खारं पाणी आत घेऊन कोंडण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो आता तेच पाणी बाहेर ठेवायला बांध घालत होता. समोरच्या घरातले म्हातारे जनानाना रोज बघायला यायचे, मी दिसलो की विचारायचे, "मास्तर, तुमचं विलायती कधी धरायचं? माझे दात हायत तोवर सांगा." दादा त्यांना म्हणायचा, "तुम्ही दात घासा. झाडाचं आम्ही बघतो."

वर्षभरातच शाळेच्या ग्रंथालयात फळझाडांचं एक पुस्तक हाताशी आलं. त्यात सरळ लिहिलं होतं. या झाडाला कित्येक आठवडे कडक थंडी लागते. थंडीत ते झोपतं, झोप पुरी झाली की जागं होऊन फुलतं. थंडी नाही तर पानं येतील, फांद्या येतील, फळ नाही. आमच्याकडे खाडीकाठी पौषातसुद्धा दुपारी घाम येतो. मी पुस्तक मिटून जागेवर ठेवलं आणि त्या शनिवारी सांगायचं म्हणून गावाला गेलो. दादा कट्ट्याशी दोन माणसांना घेऊन उभा होता. "ह्यो आमचा धाकटा. त्यानंच आणलाय. त्याला सगळं म्हाईत हाय." मी चहा घेतला, झाडाला पाणी घातलं आणि परत आलो.

मग ते सुरूच झालं. दादाचा फोन यायचा, "मास्तर, पान वळतंय, बघून जा." मी जायचो. खोडाला डिंक सुटलाय, ये. नवी फांदी फुटली, ये. मनाला खात होतं म्हणून मी जायचो, महिन्यातून एक शनिवार, कधी दोन. तिसरं वर्ष गेलं, चौथं गेलं. झाडाला थंडी लागते हे त्याला कुठून कळलं कोण जाणे, पण मार्गशीर्षात तो मासळीवाल्या बायकांकडून उरलेला बर्फ आणायचा, हौदाच्या पाण्यात धुऊन त्यातलं मीठ काढायचा आणि मुळाशी रचायचा. वहिनी चिडायची. "माणसांना गार पानी नाय, झाडाला बर्फ." तो म्हणायचा, "तू गप गो, त्याला झोप लागू दे." दिवाळी झाली की झाडाचं एकेक पान हाताने खुडायचा, खालून वर, घमेल्यात गोळा करत. झाडाला वाटलं पाहिजे हिवाळा आला, म्हणून. मी बाजूला उभा राहून बघत असे. शिकलेला मी, आणि भरलेलं घमेलं उचलून द्यायचो.

एका माघात पाच फुलं आली, फिक्या गुलाबी रंगाची. मी पोहोचेपर्यंत दोन गळाली होती, उरलेली आठवड्यात गेली. मला वाटलं आता तो खचेल. त्याने गळलेली फुलं उचलून कट्ट्याच्या कडेला ठेवली आणि म्हणाला, "अजून एक थंडी बघू." दर वर्षी हेच. अजून एक थंडी.

तेराव्याला पंगत उठल्यावर घरातलेच चार जण राहिले होते. जनानाना काठी टेकत परसात आले, झाडाकडे बघितलं आणि या खेपेला न हसता म्हणाले, "मास्तर, फळ खायचं राहूनच गेलं हो त्याचं."

मला आता थकायला झालं होतं. बारा वर्षं एकच गोष्ट गिळून गिळून माणूस थकतो. मी म्हटलं, "नाना, त्याला फळ धरणारच नाय. हितं तेवढी थंडी नाय. पहिल्याच वर्षी मला कळलं होतं. मी दादाला बोललो नाय."

वहिनी पत्रावळी गोळा करत होती, ती वाकलेलीच राहिली. मग म्हणाली, "त्यांना म्हाईत होतं, भावजी."

कोलाडला माती आणायला जायचा तिथल्या नर्सरीवाल्याने दुसऱ्याच वर्षी दादाला सांगितलं होतं, हे इकडे नाही होत. पानं खुडून बघा, बर्फ घालून बघा, पण आशा धरू नका. दादाने घरी येऊन वहिनीला सांगितलं, आणि वर बजावलं की मास्तरला कळता कामा नये.

"मी इचारलं, मग कशापायी येवढी मेहनत? तर म्हनाले, गो, हे झाड हाय म्हणून तो येतो. झाड तोडलं तर रोह्यावरनं कोण येतंय?"

मी कट्ट्यावर बसलो. पहिल्यांदाच बसलो असेन. कोणी ओरडलं नाही.

आता दोन महिने होत आले. दिवाळी यंदा आमच्याकडे नव्हतीच, पण ती झाल्यानंतरच्या शनिवारी मी गेलो. दादाचं घमेलं परसातल्या खिळ्याला होतं, ते काढलं आणि पानं खुडायला लागलो, खालून वर, तो खुडायचा तशी. वहिनी चहा घेऊन येऊन उभी राहिली. कशाला करताय, असं ती विचारेल असं वाटलं होतं. तिने नाही विचारलं. दादा माझ्यापेक्षा वीतभर उंच. शेंड्याच्या फांद्यांना त्याचा हात सहज पुरायचा, माझा काही केल्या पोचेना. घमेलं भरलं, खालचं झाड उघडं झालं आणि शेंड्याला पानांचा एक झुबका तसाच राहिला. मी स्टूल कुठे आहे म्हणून विचारलं.

"राहू द्या आता," वहिनी म्हणाली. "ती पुढच्या शनिवारी काढा."