म्हाद्याच्या पानातली वाम

मंडळी, आज पहिल्यांदा एकट्यानं डोंगा पूर्णेत घातला. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

विलायतेत कापसाले भाव आला, तसा माझा लहाना भाऊ म्हाद्या मासे धरणं सोडून कापसाच्या गाड्या हाकाले गेला. तवापासून डोंगा काठालेच पडून होता. अमरावतीच्या वाटेवर पटकी झाली अन् तिथंच गेला. उद्या त्याचा तेरावा. माय म्हनली, "कावळ्याच्या पानात वाम मासा ठेवजो. म्हाद्याले लई आवडे."

दुपारी डोहात गळाले असा हिसका बसला का डोंगा हालला. वर आली तं माझ्या कमरेएवढी लांब वाम!

आमी दोघं असलो का मी पुढून ओढो अन् तो मागं बसून दोरी धरे. आजही ओढता ओढता मी म्हनलं, "धर गा म्हाद्या." अन् मागं न पाहता दोरी त्याच्याकडं सोडून देल्ली.

दोरी सरसर पान्यात गेली. वामही गेली.

घरी मायले खरं सांगितलं. वाटलं, चिडन. ती चुलीकडं पाहत म्हनली, "मी बी सकाळी त्याच्या वाट्याची भाकर थापली, बापू."

मंडळी, मानूस गेला हे हाताले कवा कळते हो?