आधी उलटा हात

दस्तगीर मिस्त्री कुठल्याही तारेला आधी तळहाताने शिवत नसत. हात उलटा करायचे, बोटांची पाठ हळूच टेकवायचे आणि मगच कामाला लागायचे. झटका बसला तर मूठ तारेवर आवळते, उलटा हात मात्र आपसूक मागे येतो, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच असेल. पण आमच्या बागेतल्या खोक्यात होती साध्या बॅटरीची तार. तिलाही उलटा हात! मी वैतागून म्हणायचो, "मिस्त्री, ही तार मुंगीलासुद्धा मारायची नाही." ते म्हणायचे, "तारेला काय म्हाईत भाऊसाहेब, ती कशाची हाय ते? आदी उलटा हात."

मी तेव्हा सोलापुरात एका गिरणीच्या मॅनेजरसाहेबाच्या बंगल्यावर कारकून होतो. साहेबाने विलायती मासिकात आपोआप भिजणाऱ्या हिरवळीचं चित्र पाहिलं आणि तेच इथे हवं म्हणून बसला. सोलापूरच्या उन्हात हिरवळ ठेवणं हीच मुळात चैन! मिस्त्री गिरणीत रोजावर वायरमन होते. साहेब त्यांना म्हणाला, पाहुण्यांसमोर हे चालवून दाखव, तुला कायम करतो. बारा वर्षं रोजावर काढलेला माणूस. त्यांच्या बायकोने त्याच दिवशी गल्लीत साखर वाटली.

युक्ती अशी: लाकडी खोक्यात गजराचं घड्याळ. गजर झाला की मागची किल्ली फिरणार, तिच्यावरची पितळी पट्टी दुसऱ्या पट्टीला टेकणार, तारेतून वीज नळाशी जाणार, तिथला खटका सुटून वजन पडणार आणि नळ उघडणार. सांगायला चार वाक्यं, करायला मिस्त्रींनी पाच आठवडे घेतले. जोड सोडायचे, कानस मारायची, पुन्हा बांधायचे. साहेब रोज मला विचारणार, मी मिस्त्रींना विचारणार, आणि त्यांचं उत्तर ठरलेलं. "सबर करा की. पट्टीला पट्टी साफ भेटली पायजे. मदी काय बी नको."

पाहुण्यांच्या चहापानाचा दिवस साहेबाने नेमका खंडेनवमीचा धरला, कारण गिरणी बंद. "आज हत्याराला सुट्टी अस्ती," मिस्त्री पुटपुटले, "पर साहेबाला कोन सांगनार?" सकाळी त्यांनी आपली पक्कड मी बंगल्यावर मांडलेल्या हत्यारांच्या पूजेत आणून ठेवली, खोकं बंद केलं आणि बजावलं, "आता पाचपत्तोर कुनी हात लावू नका." मग ते घरी कपडे बदलायला गेले.

पाच आठवड्यांच्या धास्तीने माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी खोक्याला हळदकुंकू वाहिलं. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून झाकण उघडून आतल्या दोन्ही पितळी पट्ट्यांना ओल्या बोटाने ठसठशीत कुंकू लावलं.

पाचला गजर घणघणून वाजला आणि थांबला. नळ ढिम्म. पाहुण्यांत कुणीतरी हसलं. मिस्त्रींनी झाकण उघडलं, वाळलेलं कुंकू पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांनी झाकण लावलं. "जोड ढिला राह्यला, साहेब. चूक माजी." साहेब पाठ फिरवून पाहुण्यांना घेऊन आत गेला. मी बोलायला हवं होतं. नाही बोललो.

आठवड्याने मिस्त्री निरोप घ्यायला आले. गिरणीत कायम होणं आता राहिलंच होतं; दुधनीच्या एका जिनिंग कारखान्यात काम मिळालं होतं, तेही रोजावरच. जाता जाता खोकं उघडून बसले. आधी उलटा हात टेकवला, मग पॉलिश कागदाने कुंकू खरवडून काढलं.

"तुम्ही खरं का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"पूजेनं बिगडलं, असं माज्या तोंडानं कसं सांगू?" पट्टीवर फुंकर मारून ते म्हणाले, "आन मला वाटलं, तुमीच सांगशिला."

त्यांनी गजर पाचाला लावला, घड्याळाला किल्ली दिली आणि स्टेशनकडे गेले. पाच वाजता गजर झाला, खटका सुटला आणि हिरवळभर पाणी उडालं. साहेब गिरणीत होता. मिस्त्रींची गाडी तोवर होटगीच्या पुढे गेली असेल. पाच आठवडे ज्याची वाट पाहिली ते पाणी बघायला मी एकटाच होतो, आणि मला ते बघवत नव्हतं.