पिशवीत काय होतं?

मैलापूरच्या तळ्यामागच्या गल्लीत सरोजाला सगळे ‘हिंदी टीचर’ म्हणत. गल्लीतली निम्मी मुलं तिच्याकडेच बसून हिंदीच्या परीक्षा पास झालेली. पन्नाशी उलटलेली, उंच, खणखणीत आवाजाची. लग्न केलं नव्हतं. घराणं मूळ तंजावरचं. घरात अजून पूर्वजांची जुनी मराठी चालायची, निम्मीशिम्मी तमिळ मिसळलेली. मुलं ‘का-की’त चुकली की ती तमिळमध्ये ओरडायची, आणि मग पाठमोरी होऊन हसायची.

घरात धाकटा भाऊ सुधींद्र, त्याची बायको संयुक्ता आणि त्यांची सहा वर्षांची सहाना. संयुक्ता अड्यारला बँकेत. नणंद-भावजयीचं फारसं जमत नसे. सांबारात चिंच किती घालायची इथपासून सहानाला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं इथपर्यंत प्रत्येक गोष्टीवर दोघींचे खटके उडायचे.

सहानाला घरात ‘पापा’, म्हणजे बाळ, म्हणत. ती बोलत नसे. ऐकू सगळं यायचं, कळायचंही पुष्कळ, पण तोंडातून शब्द फुटायचे ते चार-दोन. त्यातला एक ‘अत्ते’. सरोजासाठी. वेणी घालायची तर अत्तेनंच, दुसऱ्या कुणाचा हात डोक्याला लागला की किंचाळून घर डोक्यावर घ्यायची. तिला वेड एकाच गोष्टीचं, गाडीचं. गल्लीच्या पलीकडे उंच खांबांवरच्या रुळांवरून लोकल गाडी धडधडत जायची, तेव्हा ही खिडकीच्या गजांना धरून टाचा उचलायची. एकदा तर दार उघडं मिळालं तशी थेट स्टेशनच्या वाटेला लागली होती. फुलवालीनं ओळखलं म्हणून परत मिळाली. त्यानंतर दाराला वर, मोठ्यांचा हात पोचेल अशी कडी बसवून घेतली.

त्या दिवशी संयुक्ता बँकेत गेली होती. सुधींद्रचं ऑफिस घरूनच चालायचं. कानाला हेडफोन लावून तो आतल्या खोलीत कुणाशी तरी तावातावानं बोलत होता. सरोजानं गच्चीवर वाळवलेल्या मिरच्या, धणे, डाळी मोठ्या कापडी पिशवीत भरल्या. सांबारपूड दळून आणायची होती. दारातून ती म्हणाली, “सुधी, मी मिलला जातें. पापा इथं बसलीय. वरची कडी लाव, ऐकलंस?”

त्यानं पडद्यावरची नजर न काढता हात वर केला. सहाना फरशीवर बाटल्यांची झाकणं ओळीनं मांडत होती. सरोजा कोपऱ्यापर्यंत गेली, थांबली, एकदा मागे वळून पाहिलं. वरच्या मजल्यावरचं दार मिटलेलं दिसलं. गेली.

मिलमध्ये गर्दी होती. परतली तेव्हा दार नुसतं लोटलेलं. झाकणांची ओळ तशीच, सहाना नाही.

“सुधी, पापा कुठाय?”

सुधींद्रनं हेडफोन मानेवर ओढले. “तुझ्याबरोबर नव्हे का?”

मग दोघं धावत सुटले. तळं, देऊळ, फुलवाल्या, स्टेशन. सरोजा वेड्यासारखी प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाका मारत गेली, आणि मध्येच तिच्या लक्षात आलं की हाकेला ओ देणारं हे लेकरूच नव्हे. ऐकलं तरी ती नुसती उभी राहील. मग तिनं हाका मारणं सोडलं आणि माणसांच्या पायांतून बघत चालू लागली.

पोलिसांपुढे सुधींद्रनं जे खरं वाटलं तेच सांगितलं. “मला वाटलं, अक्काबरोबर गेली.” एवढंच वाक्य. पण ते चौकीतून बाहेर पडलं, आणि बाहेर आल्यावर त्यातलं ‘मला वाटलं’ गळून पडलं.

दोन दिवसांनी कुणीतरी कुठल्याशा घराच्या कॅमेऱ्यातली चित्रफीत मोबाइलवर सोडली. उंच बाई, खांद्यावर फुगलेली पिशवी, भराभर चालतेय, कोपऱ्यावर थांबून मागे वळून बघतेय. पिशवीभोवती लाल वर्तुळ काढलेलं. खाली तमिळमध्ये लिहिलेलं, ‘या पिशवीत काय आहे?’ संध्याकाळपर्यंत ती अख्ख्या शहरानं पाहिली असावी. लग्न न झालेली आत्या. मुलगी न बोलणारी, घराला ओझं झालेली. कुणी जादूटोण्याचं नाव घेतलं, कुणी घराच्या वाटणीचं. एक तरुण रोज गॅलरीसमोर उभा राहून मोबाइलकडे बघत जोरजोरात बोलायचा, जसं काही त्यानं सगळं डोळ्यांनी पाहिलंय.

पोलिसांनी सांबारपूड तपासायला नेली. मिलवाल्यानं सांगितलं, बाई आली होती, मिरचीच आणली होती. ते कुणी कुणाला पाठवलं नाही.

शिकवणीची मुलं येईनाशी झाली. खालच्या मजल्यावरची गोदा मामी, जिच्या दोन्ही नातवांना सरोजानं ‘अ’पासून शिकवलं, जिन्यात दिसली की नातवाचा दंड धरून त्याला मागे ओढायची. सरोजाला वाटायचं, बोलावं, ओरडावं. पण ज्या घरातलं मूल हरवलंय त्या घरातल्या बाईनं स्वतःसाठी कसं ओरडायचं, हे तिला कळेना.

एकदा संयुक्ता चौकीतून परतताना पत्रकारांनी तिला फाटकापाशी गाठलं. “नणंदेवर संशय आहे का मॅडम?” वर गॅलरीच्या पडद्याआड सरोजा उभी होती. तिनं डोळे मिटून घेतले.

संयुक्ता म्हणाली, “माझी मुलगी माझ्या हातून जेवत नाही, त्यांच्या हातून जेवते. आता बाजूला व्हा.”

वर आल्यावर ती सरोजाच्या बाजूनं थेट स्वयंपाकघरात गेली. पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली. पण सरोजा कितीतरी वेळ पडदा धरून उभी राहिली.

घाव आला तो दुसरीकडून. दुसऱ्या दिवशी ती भात उपसत होती. सुधींद्र स्वयंपाकघराच्या दारात आला. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. हातात मोबाइल. आई गेली तेव्हा तो पाचवीत होता. त्याला न्हाऊ घालण्यापासून नोकरीच्या पहिल्या मुलाखतीचा शर्ट इस्त्री करण्यापर्यंत सगळं सरोजानं केलेलं. तो म्हणाला,

“अक्का, रागावू नकोस. पिशवीत काय होतं?”

तिनं पळी खाली ठेवली.

“मिरच्या,” ती म्हणाली. “धणे. तूरडाळ, हरभराडाळ. मेथी थोडी.” आणि मग, आवाज अगदी बारीक करून, तो लहान असताना हाक मारायची तशी, “आणखी काय विचारायचंय, कण्णा?”

तो तोंड झाकून तिथंच खाली बसला. तिनं त्याच्यापुढे ताट ठेवलं. स्वतः जेवली नाही.

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचे राममूर्ती गावाला गेले होते. परतल्यावर त्यांनी आपणहून पोलिसांना बोलावून दुकानाचा कॅमेरा दाखवला. सरोजा कोपऱ्यावरून दिसेनाशी झाल्यावर काही वेळानं सहाना एकटीच येते. निळा फ्रॉक, पायात काही नाही. भिंतीला बोटं घासत, मजेत, स्टेशनच्या दिशेनं चाललेली. वरून गाडी जात असावी, कारण ती मध्येच थांबून टाचा उचलते.

स्टेशनच्या खालून कालवा जातो. जलपर्णीखाली ती सापडली. डॉक्टरांनी सांगितलं, अंगावर कसलीही जखम नाही, पाण्यानंच गेली. इन्स्पेक्टर बाईंनी घरी येऊन, बूट काढून, खाली बसून ते सांगितलं. ओळख पटवायला जाणं सुधींद्रला जमेना. सरोजा गेली. वेणी तिनंच घातलेली होती. ती अजून सुटलेली नव्हती.

लोक गप्प बसतील असं वाटलं होतं. बसले नाहीत. नुसती तोंडं वळली. आता म्हणे बापानंच मुद्दाम दार उघडं ठेवलं, नको असलेली मुलगी. तोच तरुण परत गॅलरीसमोर आला. यावेळी सरोजा खाली उतरली. खणखणीत आवाज पुन्हा फुटला, “हा माझा भाऊ आहे. तुझं चित्रीकरण चालू असेल तर हेही घे. इथून जा!” तो गेला. गोदा मामी जिन्यात रडत उभी होती. सरोजा तिच्या बाजूनं वर गेली.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. तिघं दिवाणखान्यात बसली होती. संयुक्तानं सहानाची झाकणं एका डब्यात भरता भरता विचारलं,

“अक्का, निघताना तुम्ही ह्यांना कडी लावायला सांगितलं होतं?”

सुधींद्रनं मान वर केली नाही. सरोजानं त्याच्याकडे पाहिलं. पाठीचा कणा दिसत होता शर्टातून.

“नाही,” ती म्हणाली. “घाईत होतें. विसरलें.”

संयुक्ता तिच्याकडे बघत राहिली. “दूधवाला आला तरी तुम्ही दहा वेळा कडी कडी करता. तुम्ही विसरलात?”

मग सुधींद्र जमिनीकडे बघतच म्हणाला, “सांगितलं होतं. मी हात वर केला. ऐकलं नव्हतं, तरी हात वर केला.”

संयुक्ता ओरडली नाही. उठून आत गेली, दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती कुंभकोणमला माहेरी गेली, आणि बरेच महिने परतली नाही. फोन करायची तो सरोजाला. सुधीनं खाल्लं का, एवढं विचारायची. सरोजा खोटं बोलायची नाही. खाल्लं असेल तर खाल्लं म्हणायची, नसेल तर नाही.

पोंगलनंतर संयुक्ता परतली. नवऱ्याशी ती आता बोलते, कामापुरतं. रविवारी तिघं एकत्र जेवतात. शिकवणीला काही मुलं पुन्हा येऊ लागलीत. गोदा मामीचा थोरला नातूही आला. दारातच घुटमळला, तेव्हा सरोजानं त्याला आत बसवलं आणि पुस्तक उघडायला सांगितलं. अशात एखादी गाडी वरून गेली की ती वाक्याच्या मध्येच थांबते. मुलांना आता ते माहीत झालंय. गाडी पुढे जाईपर्यंत तीही वाचायची थांबतात.